निळ्या शाईच्या ओळी

ग्रीक महाकाव्यांशी माझी गाठ पडली ती वेळापत्रकामुळे. अकाउंटिंगच्या डिग्रीत एक विषय बाहेरचा घ्यावा लागे. माझ्या शिफ्ट सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात असत आणि शुक्रवारची सकाळ तेवढी मोकळी होती. शुक्रवारी सकाळी तीनच विषय होते. एकाला आधीच्या वर्षाचं गणित लागत होतं, दुसऱ्यात गटाने प्रोजेक्ट करायचं होतं. गटातली मुलं माझ्या शिफ्ट सांभाळून भेटणार नव्हती, म्हणून मी तिसरा घेतला. त्याचं नाव मला पहिल्या तासाला नीट उच्चारतासुद्धा आलं नाही.

ती वर्षं दोन हजार सात-आठची. भारतातून विद्यार्थ्यांची विमानं भरून येत होती. एजंटने पुण्यातल्या ऑफिसात दाखवलेल्या फोटोंत हिरवळीवर हसत बसलेली मुलं होती. इथे आल्यावर हिरवळ दिसली, पण बसायला वेळ कुणालाच नव्हता. हॅरिस पार्कमध्ये दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जणी राहायचो. मला सोडलं तर मराठी बोलणारी एकच, नाशिकची. बाकीच्यांशी हिंदीतून चालायचं. गाद्या जमिनीवर असायच्या आणि सकाळी त्या भिंतीला उभ्या केल्याशिवाय चालायला जागा व्हायची नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर माझा घोळणा फुटला, नाकातून रक्त वाहू लागलं. पारा चाळिशीच्या वर गेला होता. नाशिकच्या मुलीने मशीनमधून थंड कॅन काढून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "अगं, डॉक्टरकडे जा ना, युनीच्या हेल्थ सेंटरला फ्री असतं." मला लहानपणापासून ऊन लागलं की हे व्हायचं. आई कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरायची. मी फोनवर आईला काही सांगितलं नाही. परदेशातून आईला सांगण्याजोग्या गोष्टींची यादी एव्हाना फारच आखूड झाली होती.

विषय शिकवणारी प्राध्यापिका साठीची होती. थंडीतही सँडल घालायची आणि इतकं हळू बोलायची की मागच्या बाकांवरची मुलं निवांत झोपत. मीही झोपले असते. पण तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तिने जे सांगितलं त्याने मी ताठ बसले. ती म्हणाली, ही काव्यं कुणी टेबलाशी बसून लिहिलेली नाहीत. समोर माणसं बसलेली असायची आणि गाणारा गाता गाताच काव्य रचायचा. शब्द शोधायला थांबायची सोय नव्हती. म्हणून वृत्तात बरोब्बर बसणारे तयार तुकडे त्याच्या जिभेवर असत. वीराच्या नावामागे एक ठरलेलं विशेषण, पहाट झाली की एक ठरलेली ओळ. एखाद्या वीराला धावरा, म्हणजे वेगाने धावणारा, म्हणायचं ठरलं असलं, की तो खुर्चीत बसलेला असला तरी धावराच. हे पाठांतरही नव्हे आणि ऐनवेळी सुचलेली गोष्टही नव्हे, या दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. गाणारा शपथेवर सांगायचा की मी दरवेळी तेच गाणं म्हणतो, आणि दरवेळी ते वेगळं असायचं. मग ती म्हणाली, वीर मेला की बायका प्रेताभोवती उभ्या राहून एकेक करून शब्दांत रडतात, आणि तिला स्वतःला वाटतं की या सगळ्या काव्याचा सगळ्यात जुना भाग बहुधा हे बायकांचं रडणंच असावं.

मी हात वर केला. त्या वर्गात मी पहिल्यांदाच हात वर करत होते. म्हणाले, "माझी आई हे करते."

माझी आई कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीत मदतनीस होती. पण तिची खरी ओळख वेगळी होती. गावात मयत झाली की तिला बोलवायला माणूस येई. ती काही भाड्याने रडणारी नव्हती, तसला प्रकार आमच्याकडे नाही. तिला रडता यायचं, एवढंच. बाकीच्या बायका नुसत्या हुंदके द्यायच्या. आई हेल काढायची आणि त्या हेलात मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य मांडायची. बाई गेली तर "सोन्याच्या माझ्या बाई", पुरुष गेला तर "सोन्याच्या माझ्या राजा". मोजून तेवढीच जागा, त्यात बाई की राजा तेवढं बदलायचं. मग "कुणाच्या हवाली केलंस गं", मग "उंबऱ्याला पाय लावलास गं, मागं न्हाई बघितलंस". या ठरलेल्या ओळींच्या मध्ये त्या माणसाच्या खास गोष्टी यायच्या. शेजारचा एक म्हातारा इतका चिकट होता की कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकताना हात थरथरायचा त्याचा. त्यालाही आई म्हणाली, "सोन्याच्या माझ्या राजा, तुझ्या दारचा न्हाई कुणी उपाशी गेला." मी दहा वर्षांची होते, मला हसू आवरेना. घरी आल्यावर आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "रडताना तसंच म्हनत्यात." खुर्चीत बसलेला धावरा वीर मला वर्गात चटकन कळला तो या म्हाताऱ्यामुळे.

तास संपल्यावर प्राध्यापिकेने मला थांबवलं. माझ्या दोन टेस्ट बुडाल्या होत्या, कारण दोन्ही वेळा रेस्टॉरंटमध्ये माणूस कमी होता. तिसरी लिहून मी पास होणं अवघड होतं. विषय गेला तर सेमिस्टर वाढणार होतं आणि माझा व्हिसा सेमिस्टर संपायच्या बेतानेच संपत होता. हे सगळं मी तिला सांगितलं, अगदी चेहरा पाडून. ती म्हणाली, "आईचं रडणं रेकॉर्ड करून आण. लिहून काढ, भाषांतर कर आणि त्यातले तयार तुकडे कुठले ते दाखव. मी तेच तुझं सगळं काम धरीन." तिचे डोळे चमकत होते. मीही खूश झाले, कारण मला हे फार सोपं वाटलं.

त्याच आर्वोला, म्हणजे इथल्या दुपारी, मी आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी समजावून सांगितलं की युनीत अभ्यासाला पाहिजे आहे, जरा रडून दाखव, मी टेप करते. आई आधी हसली. मग तिला कळलं की मी खरंच मागते आहे.

"कोन मेलंय?"

"कुणी नाही गं. नुसतं म्हणून दाखव."

"नुसतं रडत्यात व्हय? जित्या मानसांच्या घरात गळा काढायचा नसतो. दिवा लावायचं घर हाय हे."

"आई, पास व्हायचंय मला. अभंग म्हणून दाखवतेस ना, तसंच."

"ते येगळं, हे येगळं," ती म्हणाली आणि अंगणवाडीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. दोन आठवडे मी दर दोन दिवसांनी विचारलं. शेवटी शेवटी ती माझा फोन आला की आधी बजावायची, "ते सोडून बोल."

आणि मग मी ते केलं. आज लिहितानाही वाक्य सरळ लिहवत नाही, पण लिहिते. मी आईला सांगितलं की आमच्या फ्लॅटमधली एक मुलगी मेली. लातूरची होती. बावीस वर्षांची. रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. इथे तिचं कुणी नाही, तिला कुणी शब्दांनी रडलेलं नाही, नुसती पेटी विमानात घालून पाठवणार आहेत. हे सगळं मी एका दमात म्हटलं. त्या मुलीला मी नावही ठेवलं नव्हतं, आणि आईने विचारलंही नाही. आमच्याकडे रडताना नाव घेत नाहीत.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकलीच हुती?"

"हो."

"थांब. घरात नगं."

ती मोबाइल घेऊन ओढ्याकडे निघाली. मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा. मी फोन स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला, शेजारी लायब्ररीतून आणलेला छोटा रेकॉर्डर ठेवला आणि बटण दाबलं. खोलीत मी एकटीच होते. मध्ये आपला आवाज येऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरून बसले.

आई रडायला लागली. सुरुवातीला घसा बसल्यासारखा, मग हेल सापडला. मी लहानपणी कितीदा ऐकलेलं, पण कानाशी एवढ्या जवळून कधी नाही. खरं सांगायचं तर मला पहिल्या दोन ओळींपर्यंतच गलबलून आलं. पुढे मी मोजत होते. "सोन्याच्या माझ्या बाई", एक. "कुणाच्या हवाली", दोन. पुन्हा "सोन्याच्या", तीन. तुकडे वर्गात सांगितल्यासारखे एकामागून एक येत होते आणि मला आनंद होत होता. सतरा मिनिटं ती रडली. मग तिने पदराने नाक पुसल्याचा आवाज आला. म्हणाली, "आता डोक्यावरनं पानी घेते आन् मग घरात जाते. तू जेव."

त्यानंतर प्रत्येक फोनवर ती त्या मुलीबद्दल विचारू लागली. पेटी पोचली का, तिच्या आईपाशी कोण बसलंय, दहावा कुठे केला. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं, तेही तयार तुकड्यांतच.

लिहून काढायला मला नऊ दिवस लागले. लाल पेनने मी ठरलेल्या ओळी लिहिल्या आणि निळ्याने मधल्या, म्हणजे ज्या दर मयतीला बदलतात त्या. आई जिथे थांबली तिथे काळ्याने "विराम" लिहिलं. निळ्या ओळींत बरंच काही होतं. भुवईवर टाके पडले तेव्हा रडली नाहीस. दप्तरातल्या चिंचा चोरून खाल्ल्यास. ऊन लागलं की घोळणा फुटायचा, त्या मुलखात कांदा कोण फोडील. तुम्ही म्हणाल, तेव्हाच कसं कळलं नाही? मला वाटलं, हीही आईच्या पोतडीतलीच सामग्री. कुठल्याही मुलीला पडण्या-धडपडण्याचे टाके असतात, कुठलीही मुलगी चिंचा खाते. वर्गात शिकले होते की गाणारा तयार गोष्टी उचलतो आणि त्या जागी बसवतो. ते इतकं मनावर बसलं होतं की आईला नवं काही म्हणता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्राध्यापिकेच्या खोलीत मी भाषांतर वाचून दाखवलं. ती पेन्सिल घेऊन ऐकत होती आणि लाल ओळींवर खूश होऊन मान हलवत होती. निळ्या ओळींशी येऊन तिने मला थांबवलं. तो घोळणा शब्द तिला नीट समजून घ्यायचा होता. मी सांगितलं, उन्हाने नाकातून रक्त येणं.

"आणि हे रडणं कुणासाठी होतं?"

तिला मी लातूरच्या मुलीबद्दल सांगितलं नव्हतं. एकाच खोट्यात दोघींना घ्यायला नको, एवढी अक्कल मला होती. मी म्हणाले, "कुणासाठी नाही. नमुना म्हणून."

तिने कागदावरची ओळ वाचली. मग वर बघितलं, थेट माझ्या डाव्या भुवईकडे. तिथे चार टाक्यांचा व्रण आहे. दुसरीत असताना हापशाचा दांडा लागून पडलेला. त्यावर केस उगवत नाहीत, कुणालाही दिसतो. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. चिंचा माझ्या होत्या. टाके माझे होते. कांदा फोडणारी तर आईच होती.

"यू ओके?" तिने विचारलं. मी "नो वरीज" म्हणाले. इथे आल्यापासून तेवढं मात्र पटकन तोंडात येत असे.

खाली येऊन मी बसस्टॉपच्या बाकावरून आईला फोन लावला. विचारलं, "आई, तू रडताना माझं का म्हणालीस?"

ती म्हणाली, "त्या पोरीला म्या कुठं बघितलं हुतं? रडाया बसलं की मानूस डोळ्याम्होरं लागतं. तू म्हनालीस बावीस वर्सांची, एकली, त्या मुलखात. डोळ्याम्होरं तूच आलीस. लई हुसकावलं, पर जाईचना." मग घाईघाईने म्हणाली, "त्या रात्री मीठ-मिरच्या उतरून टाकल्यात म्या तुझ्या फोटूवरनं. भिऊ नगं."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला तेव्हा माझं मन हलकं करायचं होतं, आणि आपलं मन हलकं करताना ते कुणावर ओततोय हे माणूस बघत नाही. मी म्हणाले, "आई, कुणी मेलं नव्हतं. लातूरची मुलगी नाहीच. तू रडावंस म्हणून मी सांगितलं."

 

"म्हंजी मी कुणासाठी रडले?" आईने विचारलं.

ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "पास झालीस का?" मी म्हणाले, "होईन." ती म्हणाली, "बरं."

मी पास झाले, वर्गात पहिली आले. प्राध्यापिकेने कागदाच्या शेवटी लिहिलं होतं की निळ्या ओळींवर तू काहीच लिहिलं नाहीस, आणि हे मला समजतं. पुढे व्हिसा झाला, नोकरी लागली, इथे कायम राहायचा परवाना, म्हणजे पीआर, झाला. सगळं रांगेत झालं. आता मी पॅरामॅटातच एका ऑफिसात दुसऱ्यांचे टॅक्स बघते.

आई मात्र त्यानंतर कुणाच्याही मयताला रडली नाही. जायची, बसायची, डोळ्याला पदर लावायची, पण हेल काढला नाही. विचारलं की गळा बसलाय म्हणून सांगायची. मावशीने मला फोनवर सांगितलं की गावात लोक कुजबुजतात, हिचं काहीतरी बिनसलंय. मला काय बिनसलंय ते ठाऊक होतं. तिने स्वतःच्या जित्या लेकीची मयत रडून टाकली होती, आणि तीही माझ्या सांगण्यावरून. त्यापुढे तिला कुणाचं रडायचं धाडस झालं नाही. मी दर दोन वर्षांनी गावी जायचे. उन्हात बाहेर निघाले की ती काही न बोलता माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकायची. त्या गोष्टीचं नाव आम्ही दोघींनी परत काढलं नाही.

मग आई गेली. झोपेतच. मला विमान मिळून गावी पोचायला तिसरा दिवस उजाडला, तोवर सगळं उरकलं होतं. दारात पोचले तशी मावशी उठून आली आणि माझ्या गळ्यात पडली. लांबची लेक आली की असं गळ्यात पडून रडायचं असतं. एकीने दोन ओळी म्हणायच्या, थांबायचं, मग दुसरीने उचलायचं. मावशीला आईइतकं कधीच येत नव्हतं, पण तिने सुरुवात केली. "सोन्याच्या माझ्या बाई, लेक आली गं दारात, ऊठ की गं." आणि ती थांबली. ओसरीवर बायका बसल्या होत्या, त्या सगळ्या थांबल्या. माझी पाळी होती.

मला सगळ्या ओळी माहीत होत्या. कुठल्या जागी किती मात्रा बसतात, बाई-राजा कुठे बदलायचं, कुठली ओळ कुठल्या ओळीनंतर येते, सगळं. जमलेल्या कुणालाही माहीत नसेल इतकं मला माहीत होतं. तोंड उघडलं आणि एक शब्द आला नाही. मावशीने अजून दोन ओळी म्हटल्या आणि पुन्हा जागा सोडली. तिसऱ्यांदा तिने सोडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे, तिकडं सवय मोडली आसंल." मागून कुणीतरी पाणी आणलं.

सिडनीला परतल्यावर ते रेकॉर्डिंग मी पुन्हा काढून ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोजल्याशिवाय. अकराव्या मिनिटाच्या सुमाराला आई म्हणते, "आवाज दे की गं माझ्या बाई, एकदा आवाज दे की गं." आणि थांबते. कागदावर त्या ठिकाणी माझ्या अक्षरात "विराम" लिहिलेलं आहे. तिथे मागे पाण्याची मोटार चाललेली ऐकू येते, एक पक्षी दोनदा ओरडतो, आणि आई वाट बघते. फोनच्या या टोकाला मी होते, तोंडावर हात दाबून, रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून.